पापाचे वाटेकरी

सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटी जेलमध्ये रोडेसा जोन्स यांना बोलावणं आलं ते बायकांना एरोबिक्स शिकवायला. १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध होता. नाचणारी बाई आहे, कैदी बायकांना थोडे हातपाय हलवायला लावेल, त्यांचा वेळ बरा जाईल, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. आतल्या बायकांना मात्र व्यायामात काही रस नव्हता. मग जोन्सबाईंनी व्यायाम बाजूला ठेवला आणि स्वतःबद्दल बोलायला सुरुवात केली. सोळाव्या वर्षी आपल्याला मूल कसं झालं, पोटासाठी काय काय करावं लागलं, हे सगळं त्या सांगू लागल्या. बायका आधी ऐकू लागल्या, मग बोलू लागल्या. त्या तासांतून जे उभं राहिलं त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली आहेत. ‘द मेडिया प्रोजेक्ट : थिएटर फॉर इन्कार्सरेटेड विमेन’ हे त्याचं नाव. तुरुंगातल्या बायकांसाठी जगभरात कलेचे जे उपक्रम चालतात, त्यांत या उपक्रमाइतका थेट आणि धीट दुसरा मला माहीत नाही.

त्या बायकांनी जोन्सबाईंचं का ऐकलं, याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं. आईवडील शेतमजूर. आपल्याकडची ऊसतोडीची कुटुंबं दसऱ्यानंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन गाव सोडतात, तशीच ही माणसं हंगामाच्या मागे फ्लोरिडातून पार उत्तरेला, न्यूयॉर्क राज्यातल्या शेतांवर जात. बारा भावंडं. त्यांतला बिल टी. जोन्स पुढे अमेरिकेतला नामवंत नृत्यरचनाकार झाला. रोडेसा सॅन फ्रान्सिस्कोला आल्या, बायकांच्या एका नृत्यगटात नाचल्या, आणि पैशांची ओढाताण असताना काचेआड नग्न नाचण्याचं कामही त्यांनी केलं. ते लपवून न ठेवता त्यावर त्यांनी ‘द लेजंड ऑफ लिली ओव्हरस्ट्रीट’ हा प्रयोग रचला. म्हणजे तुरुंगात पाऊल ठेवण्याआधीच, ज्याची लाज वाटावी असं जग म्हणतं ते रंगमंचावर स्वतःच्या तोंडाने सांगायचं, हा धडा त्यांनी स्वतःवर गिरवलेला होता. बाहेरून आलेली, सुधारायला आलेली बाई आतल्यांना लगेच ओळखू येते. ही तशी नव्हती.

त्या वर्गातली एक तरुणी, दोन मुलांची आई, सुटून बाहेर गेली आणि थोड्याच काळात तिचा खून झाला. जोन्सबाईंनी तुरुंगात भेटलेल्या चार बायकांच्या आवाजांतून ‘बिग बट गर्ल्स, हार्ड-हेडेड विमेन’ हा एकपात्री प्रयोग उभा केला आणि तो तिला अर्पण केला. पुढे मात्र एकटीने त्यांच्या वतीने बोलणं त्यांना पुरेना. त्या बायकांनीच रंगमंचावर यायला हवं, असं त्यांनी ठरवलं आणि १९८९ मध्ये मेडिया प्रोजेक्ट सुरू झाला. समाजकार्यकर्त्या शॉन रेनॉल्ड्स सुरुवातीपासून सोबत होत्या.

मेडियाच का? ही ग्रीक कथा आपल्या वाचकांना थोडक्यात सांगायला हवी. मेडिया परमुलखातली राजकन्या. जेसन नावाच्या वीरावर जीव जडला म्हणून तिने बापाशी दगा केला, भावाचा घात केला, घरदार सोडून त्याच्यामागे गेली. दोन मुलं झाली. पुढे जेसनला राजाची मुलगी सांगून आली, तसं त्याने मेडियाला टाकलं. तिने सूड घेतला तो त्याच्या नव्या बायकोवर, आणि मग स्वतःच्या पोटच्या पोरांवर. युरिपिडीसने हे नाटक इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये लिहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या तुरुंगात एक बाई स्वतःच्या तान्ह्या मुलाला मारल्याच्या आरोपाखाली होती. चोऱ्या केलेल्या, नशा केलेल्या, धंद्यावर पकडलेल्या बाकीच्या बायका तिला जवळ उभं करत नव्हत्या. तुरुंगातही पायऱ्या असतात, आणि मूल मारणारी सगळ्यांत खालच्या पायरीवर असते. अशा वेळी जोन्सबाईंनी मेडियाची गोष्ट काढली. वाद पेटला. ती राक्षसीण आहे, असं म्हणणाऱ्यांनाच मग प्रश्न आला : तू नशेत पडलेली असताना तुझी पोरं कुठे होती? तू आत आहेस, त्यांना आज कोण जेवू घालतंय? आपणही आपली मुलं थोडी थोडी मारत आलो आहोत, इथपर्यंत ते बोलणं पोचलं.

हे एखाद्या समुपदेशकाने सरळ विचारलं असतं, तर तोंडं मिटली असती. समोर मेडिया होती म्हणून बोलता आलं. आधी तिला शिव्या घालता आल्या, मग तिच्या जागी उभं राहून पाहता आलं, आणि मग स्वतःकडे वळता आलं.

१९९२ मध्ये ‘रिअ‍ॅलिटी इज जस्ट आउटसाइड द विंडो’ हा पहिला मोठा प्रयोग झाला, आणि तो तुरुंगाच्या दालनात न होता शहरातल्या थिएटर आर्टॉडमध्ये झाला. तिकीट काढून आलेला शहरी प्रेक्षक समोर. कैदी बायकांना शेरीफच्या पहाऱ्यात थिएटरात आणायचं, प्रयोग करू द्यायचा आणि रात्री परत कोठडीत न्यायचं, अशी ही व्यवस्था. पहारेकरी नाटकाच्या जागेतच हजर. सोबत व्यावसायिक नट्या आणि सुटून आलेल्या बायकाही रंगमंचावर. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांशी प्रश्नोत्तरं होत. सभागृहात त्या बायकांची मुलं, आया, बहिणी बसलेल्या असत. मधे काच किंवा जाळी न ठेवता आईला पाहण्याची संधी काही मुलांना खूप दिवसांनी मिळत होती.

ही परवानगी देणारा माणूस कोण, हेही सांगायला हवं, कारण असे उपक्रम आपल्याकडे नेमके इथेच अडतात. मायकेल हेनेसी हे १९८० पासून २०१२ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षं, सॅन फ्रान्सिस्कोचे शेरीफ होते. मूळचे वकील, आणि शेरीफ होण्याआधी कैद्यांना कायदेशीर मदत देण्याचं काम केलेले. अमेरिकेत शेरीफ निवडून येतो. कैदी बायकांना नाटकासाठी बाहेर न्यायचं, त्यात एखादी पळाली तर पुढच्या निवडणुकीत उत्तर द्यायचं, हा धोका त्यांनी वर्षानुवर्षं पत्करला. कलाकाराच्या हिमतीबद्दल आपण पुष्कळ लिहितो. किल्ल्या ज्याच्या हातात असतात त्याच्या हिमतीशिवाय यातलं काहीच घडत नाही.

रेना फ्रेडन या अभ्यासिकेने या कामावर ‘इमॅजिनिंग मेडिया’ हे पुस्तक २००१ मध्ये लिहिलं. त्याला अँजेला डेव्हिस यांची प्रस्तावना आहे. या कामाची रीत ठरते ती जागेवरून : काउंटी जेलमध्ये माणूस लांबच्या शिक्षेसाठी नसतो. आठवडे, महिने, आणि मग जामीन, सुटका किंवा दुसरीकडे बदली. त्यामुळे आज गटात असलेली बाई पुढच्या खेपेला असेलच असं नाही. कोणी शिस्तभंगाबद्दल गळते, कोणी आपणहून सोडते. एका लेखकाने आरामात बसून लिहिलेली संहिता इथे चालणार नाही. बायकांना प्रश्न द्यायचे, त्यांनी उत्तरं लिहायची, मोठ्याने वाचायची, त्यातून तुकडे निवडायचे, आणि जुन्या कथेच्या धाग्यात ओवायचे. धागा कथेचा असल्यामुळे एखादा तुकडा गळाला तरी नाटक सांडत नाही.

दुसऱ्या वर्षी, १९९३ मध्ये, ‘फूड टॅबूज इन द लँड ऑफ द डेड’ आलं. इथे कथा पर्सेफोनीची. पाताळाच्या राजाने पळवून नेलेली मुलगी आणि तिला शोधत रानोमाळ फिरणारी तिची आई, धान्याची देवता डिमीटर. पाताळात असताना मुलगी डाळिंबाचे दाणे खाते, आणि तेवढ्यावरून वर्षातले काही महिने तिला पुन्हा खाली जावंच लागतं. नशेची सवय लागलेल्या, तीन-तीनदा सुटून परत आत आलेल्या बाईला ते डाळिंब समजावून सांगावं लागत नाही. त्यातली प्रत्येक जण एकाच वेळी हरवलेली मुलगी असते आणि कोणाची तरी आईही असते. मला हे नाटक मेडियापेक्षाही जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात गुन्ह्यापेक्षा परत जाण्याचा प्रश्न आहे, आणि तुरुंगाच्या दाराशी खरा प्रश्न तोच असतो.

पुढे हे काम जोहान्सबर्गच्या स्त्रियांच्या तुरुंगात गेलं, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एचआयव्ही असलेल्या स्त्रियांच्या दवाखान्यातही गेलं. तिथले डॉक्टर एडवर्ड मॅक्टिंगर यांच्या लक्षात आलं होतं, की उपचार उत्तम असूनही आपल्या रुग्ण स्त्रिया मरताहेत, आणि बहुतेकींचं मरण एचआयव्हीने येत नाही. ते मारहाणीतून, नशेतून, आत्महत्येतून येतं. औषधाने विषाणू आटोक्यात येतो, पण आजार कोणाला सांगायची सोय नसलेली बाई एकटीच राहते. त्या दवाखान्यातल्या स्त्रियांनी जोन्सबाईंबरोबर ‘डान्सिंग विथ द क्लाउन ऑफ लव्ह’ हे नाटक २०१० मध्ये केलं, आणि आपला आजार भर सभागृहात सांगितला. सहभागी स्त्रियांच्या मुलाखतींवरून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या माणसांचा आधार आणि नात्यांमधली सुरक्षितता वाढल्याचं त्यात नोंदलं आहे. अभ्यास लहान आहे. तरी एका डॉक्टरने नाटक हा उपचाराचा भाग मानावा, ही घटना मला मोठी वाटते.

आता आक्षेप. प्रेक्षक तिकीट काढून कोणाचं दुःख पाहायला येतो? बलात्कार झालेल्या, मूल गमावलेल्या बाईने दर प्रयोगाला ते पुन्हा सांगायचं, आणि आपण रुमाल डोळ्यांना लावून घरी जायचं? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. माझ्या मते फरक पडतो तो एकाच गोष्टीने : काय सांगायचं, किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या बाईच्या हातात आहे की नाही. तुरुंगात उठण्यापासून झोपण्यापर्यंतची प्रत्येक गोष्ट दुसरा ठरवतो. तिथे ठरवण्याची मुभा मिळणारी ही एकच जागा असते. तीही दिग्दर्शकाने, जेलरने किंवा देणगीदाराने काढून घेतली, तर राहतो तो फक्त कार्यक्रम.

शब्दांवर हक्क कोणाचा, या प्रश्नाचं सगळ्यांत उघडं उदाहरण कनेटिकट राज्यातलं आहे. कादंबरीकार वॉली लॅम्ब १९९९ पासून तिथल्या यॉर्क तुरुंगातल्या स्त्रियांचा लेखनवर्ग घेत होते. त्यातल्या काही जणींच्या आत्मकथनांचं ‘कुडन्ट कीप इट टू मायसेल्फ’ हे पुस्तक २००३ मध्ये निघालं. पुस्तक बाजारात येता येता राज्य सरकारने त्या लेखिकांवर दावा लावला : तुरुंगात राहिल्याचा दिवसाला ११७ डॉलर खर्च भरा. शिक्षा लांब असलेल्यांच्या नावावर लाखो डॉलरची मागणी निघाली. मानधन प्रत्येकीच्या वाट्याला काही हजार डॉलर येणार होतं, तेही सुटल्यावर. २००४ मध्ये त्यांतल्या एका लेखिकेला ‘पेन’ या लेखकसंघटनेचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा २५,००० डॉलरचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर वर्ग बंद पडला, संगणकांतलं लेखन पुसलं गेलं. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर ओरड झाली तेव्हा वर्ग परत सुरू झाला आणि दावा तडजोडीने मिटला. २००७ मध्ये दुसरं पुस्तकही निघालं. लॅम्ब नामवंत लेखक नसते तर काय झालं असतं, याचा अंदाज करणं कठीण नाही. बाई गप्प बसून शिवण शिकत होती तोवर कोणाला तिचा खर्च आठवला नव्हता.

इंग्लंडमधली वाट निराळी. १९७९ मध्ये यॉर्कशरमधल्या आस्कम ग्रेंज या खुल्या तुरुंगातल्या जेनी हिक्स आणि जॅकी होल्बरो या दोघींनी ‘क्लीन ब्रेक’ ही नाटक कंपनी काढली. कैदी म्हणून भेटलेल्या दोघी संस्थापक. बाहेरून कोणी आलंच नाही. आज लंडनच्या केंटिश टाउनमध्ये त्यांची स्वतःची वास्तू आहे. तुरुंगातून आलेल्या आणि तिकडे जाण्याचा धोका असलेल्या स्त्रिया तिथे सभासद म्हणून येतात, शिकतात, नाटकं करतात. आणि नामवंत लेखिकांकडून कंपनी नवी नाटकं लिहून घेते. फिलिडा लॉइड यांनी डॉनमार थिएटरसाठी २०१२ ते २०१६ दरम्यान शेक्सपिअरची तीन नाटकं केवळ स्त्री-नटांना घेऊन, स्त्रियांच्या तुरुंगात घडतात अशी कल्पून बसवली, तेव्हा क्लीन ब्रेक बरोबर होती. सीझरचा खून करणारे कटवाले तुरुंगातल्या बायका आहेत म्हटल्यावर त्या नाटकातल्या सत्तेच्या भाषेचे सगळे अर्थ बदलतात.

मुलींकडे यायला मी उशीर केला, पण खरं तर सुरुवात तिथेच असते. शिकागोच्या पश्चिमेला वॉरनव्हिल इथे अल्पवयीन मुलींची कोठडी होती. मीड पालिडॉफ्स्की यांची, आता ‘स्टोरीकॅचर्स’ म्हणून ओळखली जाणारी संस्था तिथल्या मुलींकडून त्यांच्याच आयुष्यांवर संगीत नाटकं लिहवून घेई. ‘गर्ल्स ऑन द वॉल’ हा २००९ चा माहितीपट त्यावर आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आपल्या आईशी झालेलं भांडण लिहिते, आणि ते रंगमंचावर येतं तेव्हा कोणाला तरी त्या आईच्या जागी उभं राहावं लागतं. आईची वाक्यं तिच्याच वयाच्या मुलीच्या तोंडून ऐकू येतात. घराच्या आत जी गोष्ट एका बाजूनेच दिसत होती तिला दुसरी बाजू फुटते. नाट्यशिक्षणाचे सगळे सिद्धान्त बाजूला ठेवले तरी एवढं पुरेसं आहे.

आपल्या देशात मुलींसाठी झालेलं सगळ्यांत चिवट काम कोलकात्याचं आहे. समाजशास्त्र शिकलेल्या आणि मंजुश्री चाकी सरकार यांच्या नृत्यपरंपरेत घडलेल्या सोहिनी चक्रवर्ती १९९६ मध्ये कोलकात्याच्या पुस्तकमेळ्यात गेल्या असताना ‘संलाप’ या संस्थेचं एक पोस्टर त्यांच्या नजरेस पडलं. देहविक्रीतून सुटका झालेल्या मुलींसाठी ती संस्था काम करते. सोहिनी तिच्या निवाऱ्यात नाच शिकवायला गेल्या. पण ज्या मुलींचं शरीर इतरांनी वापरलं, त्यांना शास्त्रीय नृत्याच्या मुद्रा शिकवून काय होणार? नाच म्हटलं की गिऱ्हाईक आठवणार. मग शिकवणं बाजूला पडलं आणि हालचाल आली : श्वास, चालणं, जमिनीवर पाय घट्ट ठेवणं, कोणाला जवळ येऊ द्यायचं आणि कोणाला हाताच्या अंतरावर थांबवायचं हे अंगाने ठरवणं. त्यातून ‘संपूर्णता’ ही पद्धत आकाराला आली आणि २००४ मध्ये ‘कोलकाता संवेद’ ही संस्था. निवाऱ्यातल्या त्या पहिल्या फळीतल्या मुलीच संस्थेच्या उभारणीत होत्या; त्या प्रशिक्षक झाल्या, पगार घेऊ लागल्या. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर नृत्य-हालचाल उपचाराचा पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला. ज्या शरीराची किंमत दुसऱ्यांनी ठरवली, त्याच शरीराच्या ज्ञानावर टाटा संस्थेत पदविका मिळावी, ही गोष्ट मला कुठल्याही पुनर्वसन-अहवालापेक्षा मोलाची वाटते. मुंबईतच कामाठीपुऱ्यातल्या मुलींनी ‘क्रांती’ या संस्थेतून ‘लाल बत्ती एक्स्प्रेस’ हे स्वतःच्या आयुष्यांवरचं नाटक केलं आणि ते परदेशातही नेलं.

कोलकात्यातच, प्रेसिडेन्सी तुरुंगात, नृत्यांगना अलोकनंदा रॉय यांनी २००७ पासून कैद्यांबरोबर काम करताना रवींद्रनाथांची ‘वाल्मीकि प्रतिभा’ बसवली. रवींद्रनाथांनी हे गीतनाट्य १८८१ मध्ये रचलं आणि त्यात स्वतः वाल्मीकीचं काम केलं होतं. कैद्यांचे प्रयोग तुरुंगाबाहेरच्या मोठ्या नाट्यगृहांत झाले, पुष्कळ झाले. दरोडेखोराचा कवी होतो, ही कथा तुरुंगात जाऊन भिडणारच. आपल्याकडे तर वाल्या कोळी शेंबड्या पोरालाही माहीत.

पण वाल्याची गोष्ट पुरुषांच्या बराकीची आहे. आपण लहानपणी ऐकलेल्या कथेत वाल्या घरी जाऊन बायकोला विचारतो, माझ्या पापात वाटेकरी होशील का? ती म्हणते, नाही, पोसणं तुझं काम, पाप तुझं. बायकांच्या बराकीत याच्या उलट दिसतं. नवऱ्याची पुडी पोचवणारी, दिराच्या गुन्ह्यात नाव आलेली, मुलाच्या संसारात सून जळाली म्हणून पोरीसकट आत आलेली सासू. यांतल्या काही जणी दोषी असतीलही. छळून मारलेली सून कोणाच्या नाटकाने परत येत नाही, आणि तिची बाजू मांडणारा त्या बराकीत कोणी नसतो, हेही विसरून चालणार नाही. तरी एवढं खरं की घरच्या पापात वाटेकरी होणार का, हे या बायकांना कोणी विचारलेलंच नसतं. वाल्याच्या बायकोला आपल्या कथेत एक वाक्य आहे, नाव नाही. ती भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या तुरुंगात असती तर काय बोलली असती, हे नाटक मराठीत अजून व्हायचं आहे.

आणि ते तिच्याच तोंडून व्हायला हवं, याला एक रोकडं कारण आहे. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. सगळ्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी. खटला उभा असलेली बाई रंगमंचावर येऊन ‘मी असं केलं’ म्हणाली, तर ते वाक्य उद्या तिच्याच विरोधात जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या बेडफर्ड हिल्स तुरुंगात ईव्ह एन्सलर यांच्या लेखनगटातल्या स्त्रियांनी आपल्या गुन्ह्याबद्दल सरळ लिहिलं. त्यावरचा माहितीपट २००३ मध्ये आला. पण त्यांना शिक्षा होऊन गेलेली होती. आपल्याकडे तारखेवर तारीख पडत असताना तसं लिहवून घेणं हा त्या बायकांवर अन्याय ठरेल. सॅन फ्रान्सिस्कोला मेडिया लागली. इथे वाल्याची बायको लागते. जुन्या कथेतल्या बाईच्या तोंडून बोललेलं सरकारी वकिलाला वापरणं कठीण, आणि ऐकणाऱ्याला तर सगळं कळतं.

महाराष्ट्रातल्या कारागृहांत गाणं-बजावणं नाही असं नाही. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला कार्यक्रम होतात. अलीकडे कैद्यांच्या राज्यस्तरीय भजन-अभंग स्पर्धा झाल्या. त्यांना मी कमी लेखत नाही. दिवसभर दबलेला गळा अभंग म्हणताना मोकळा होतो. शिवाय ज्या जनाबाईचे अभंग तिथे म्हटले जातात, ती दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई होती आणि तिने आपल्या राबण्याबद्दलही लिहिलं. तिला गाऊ देणाऱ्या व्यवस्थेने पुढचं पाऊल टाकायला हरकत नसावी : आता तुझी ओवी सांग. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅ यांनी खेडोपाडच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, लेक, दुष्काळ, दारू, सगळं त्या बायकांनी दळता दळता रचलेलं आहे. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या एकेका माणसाची सोंगं आहेत, फुगडीत श्वास आणि तोल आहे. कार्यशाळेसाठी लागणारी सामग्री या बायका सोबत घेऊनच तुरुंगात येतात. झडतीत ती जप्त होत नाही.

बोलायला जागा नसली की काय होतं, ते जून २०१७ मध्ये भायखळ्याला दिसलं. अंडी-पावाच्या हिशेबावरून एका शिक्षा झालेल्या स्त्रीला मारहाण झाली आणि ती दगावली, असा आरोप झाला. कारागृहाच्या सहा कर्मचारी स्त्रियांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. आतल्या बायकांनी गच्चीवर जाऊन निषेध केला, आणि त्यांतल्या दोनशेहून अधिक जणींवर दंगलीचा गुन्हा नोंदवण्यात आला. त्या दिवसापुरतं शहराने त्यांचं ऐकलं. नाट्यगृहात ऐकलं असतं तर आधी ऐकलं असतं, असं मी म्हणणार नाही. नाटकाने मारहाण थांबत नाही, त्याला चौकशी आणि शिक्षा लागते. पण ज्या तुरुंगात बाहेरची माणसं दर आठवड्याला येतात, बायकांची नावं त्यांना माहीत असतात, तिथे एखादीच्या अंगावरचे वळ कोणाच्या तरी नजरेला पडतात.

आत मुलंही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय खटल्यातल्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर राहू शकतं. २०२२ अखेर देशात १,५३७ स्त्रियांबरोबर १,७६४ मुलं तुरुंगात होती. सहा वर्षं पुरी झाली की मूल नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जातं. त्यातल्या मुली मोठ्या होऊन कुठे जातात, याची काळजी वाहणारी योजना कलेची असो, शाळेची असो, ती आईच्या कार्यशाळेला जोडलेली हवी. डिमीटर आणि पर्सेफोनीची गोष्ट दोन वेगळ्या खात्यांत वाटून चालणार नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईतल्या कैद्यांबरोबर, त्यात स्त्रियांबरोबर, काम करतो आहे : कायदेशीर मदत, सुटल्यावर निवारा, रोजगार. तुरुंगात नाटक करू पाहणाऱ्यांनी परवानगीच्या अर्जाआधी तिथल्या कार्यकर्त्यांना भेटावं. कोणाची तारीख कधी आहे, कोणाचा जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडला आहे, सुटल्यावर कोणाला घर घेणार नाही, हे विचारून मगच तालमी आखाव्यात. प्रत्येक तालीम त्या दिवसापुरती पूर्ण व्हावी, कारण आजची बाई उद्या असेलच असं नाही. पहिला प्रेक्षक म्हणून मोफत विधीसेवेचे वकील, न्यायाधीश आणि या बायकांची मुलं यांना बोलवावं. आणि तालमीची दुसरी जागा तुरुंगाबाहेर, रेल्वे स्टेशनजवळ घ्यावी : संध्याकाळी सात ते नऊ, पोरांना घेऊन येता येईल अशी, ज्या दिवशी बाई सुटते त्याच दिवसापासून उघडी.